दोन मीटर डीएनए केंद्रकात मावतो हे ठीक, पण मग तो वाचला कसा जातो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो कसा समजला ते तुम्हाला कळेल. पुस्तकात लिहिलंय की माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर दोन मीटर भरतो आणि तो सहा मायक्रोमीटरच्या केंद्रकात बसतो. कसा बसतो, तर आधी न्यूक्लिओसोमचे मणी, मग ३० नॅनोमीटरचा जाड तंतू, मग त्याची वेटोळी, वेटोळ्यांची गुंडाळी आणि शेवटी एक्सच्या आकाराचं गुणसूत्र. तुम्ही विचारता की इतकं घट्ट बांधलेलं पेशी वाचते कशी, आणि दर वेळी सगळं सोडून पुन्हा बांधायचं असतं का? शेवटी लिहिता, “पायऱ्या पाठ आहेत, पण पटत नाहीत.”

न पटणं रास्त आहे. मी पंचवीसेक वर्षं गुणसूत्रांच्या तपासणीचं काम करते आणि सुरुवातीची काही वर्षं मलाही ते पटलेलं नव्हतं. खोट पुस्तकातल्या त्या पायऱ्यांच्या चित्रात आहे. चित्र डावीकडून उजवीकडे सरकतं, म्हणून वाटतं की डीएनए हा सगळा प्रवास रोज करतो आणि एक्स हा त्याचा मुक्काम आहे. प्रत्यक्षात पेशी बहुतेक सगळं आयुष्य चित्राच्या डाव्या अर्ध्यातच काढते. चोवीस तासांत एकदा विभागणारी पेशी घेतली, तर तो आखूड, जाड एक्स जेमतेम तासभर असतो. उरलेले तेवीस तास गुणसूत्रं आहेत, पण तशी दिसत नाहीत. न विभागणारी चेतापेशी तर एक्स कधी करतच नाही. वाचन, दुरुस्ती, प्रत काढणं हे सगळं त्या तेवीस तासांतलं. म्हणजे “इतका घट्ट बांधलेला डीएनए वाचतात कसा” याचं पहिलं उत्तर असं की जेव्हा सगळ्यात घट्ट असतो तेव्हा तो जवळपास वाचतच नाहीत.

आता मावण्याबद्दल. यात एक हिशोब स्वतः करून पाहा, मग पुस्तकातलं आश्चर्य जरा वेगळं दिसेल. माणसाच्या पेशीत साधारण ६२० कोटी बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या, असतात आणि दोन शेजारच्या जोड्यांमध्ये ०.३४ नॅनोमीटर अंतर असतं. गुणाकार केला की दोन मीटरच्या थोडं वर येतं. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर. या सगळ्याला दहा लाखांनी मोठं करू. मग २ मिलिमीटर जाडीची दोरी झाली, लांबी २१०० किलोमीटर, तुकडे ४६, त्यांतला सगळ्यात मोठा म्हणजे पहिलं गुणसूत्र ८५ किलोमीटरचा. आणि केंद्रक झालं सहा मीटर व्यासाचा पोकळ गोळा. ऐकायला अशक्य वाटतं. पण दोरीचं आकारमान काढा. ते साडेसहा घनमीटरच्या आसपास येतं आणि गोळ्याचं ११३. डीएनए केंद्रकाची सहा टक्के जागाही धड खात नाही. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांचं वजन साधारण डीएनएइतकंच असतं, तेही धरलं तरी गोळा बराचसा रिकामा आहे.

तेव्हा जागेची टंचाई हा प्रश्नच नाही. लांबीमुळे तो तसा भासतो. खरे प्रश्न तीन. मोकळा डीएनए पसरतो, त्याला आवरायचा कसा. ४६ लांबलचक दोऱ्या एकमेकींत गुंततात, तो गुंता होऊ द्यायचा नाही. आणि त्या २१०० किलोमीटरमधला नेमका दोन-चार मीटरचा तुकडा हवा तेव्हा हाताशी यायला हवा. बांधणीची प्रत्येक पायरी या तिन्हींकडे एकदम बघते. तुमच्या पुस्तकाने पहिलाच प्रश्न सांगितला, म्हणून उरलेले दोन कोडं बनले.

पसरणं म्हणजे काय ते आमच्याकडे रोज दिसतं. नळीच्या तळाशी पांढऱ्या रक्तपेशींचा लहानसा गाळ असतो, त्यात बफर घालून हलवलं की दुधाळ पाणी होतं. पिपेटने सहज वर येतं, थेंब थेंब पडतं. त्यात डिटर्जंट घालायचं आणि नळी दोन-तीनदा हलक्या हाताने उलटी करायची. काही सेकंदांत दुधाळपणा जातो आणि आतला द्रव घट्ट, चिकट होतो. पिपेटने ओढायला गेलात तर शेंबडासारखी तार निघते आणि सगळं एकदम वर येतं. नवीन मुलांना वाटतं काही तरी चुकलं. चुकलेलं काही नसतं. डीएनए तितकाच, पाणी तितकंच. फक्त पेशीचं आणि केंद्रकाचं आवरण फुटलं आणि हिस्टोन सुटले. आत्तापर्यंत केंद्रकात निमूट बसलेला डीएनए आता नळीभर हातपाय पसरतो. एकट्या पहिल्या गुणसूत्राचा मोकळा डीएनए पाण्यात सोडला तर त्याचं भेंडोळं कित्येक दहा मायक्रोमीटर पसरेल, म्हणजे केंद्रकाच्या कितीतरी पट. कारण डीएनएच्या पाठीच्या कण्यावर प्रत्येक फॉस्फेटपाशी ऋण भार असतो, दोरी स्वतःलाच ढकलत असते. शिवाय ती ताठ आहे. साधारण ५० नॅनोमीटर, म्हणजे दीडशे जोड्यांच्या लांबीत ती आपणहून फारशी वाकत नाही.

आता न्यूक्लिओसोमकडे या. मला विचाराल तर या सगळ्यात पक्की, निर्विवाद आणि सुंदर पायरी हीच. आठ हिस्टोनांची एक चकती असते: एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४, प्रत्येकी दोन. तिच्याभोवती १४७ जोड्यांचा डीएनए सुमारे १.६५ वेढे घेतो, आणि ते वेढे डावखुरे असतात. व्यास ११ नॅनोमीटर. आत्ताच म्हटलं की दीडशे जोड्यांचा तुकडा आपणहून वाकत नाही, आणि इथे तेवढाच तुकडा दीडहून जास्त वेळा गोल फिरवलाय! ही जबरदस्ती फुकट होत नाही. हिस्टोनांमध्ये लायसीन आणि आर्जिनीन ही धन भाराची अमिनो आम्लं भरपूर असतात आणि ती डीएनएच्या ऋण भाराला धरतात. वेढ्याच्या वाटेवर अशा पकडी चौदा ठिकाणी आहेत. एकेक पकड कमजोर, चौदा मिळून भक्कम. हा तपशील लक्षात ठेवा, वाचण्याचं उत्तर त्यातच आहे.

दोन मण्यांमध्ये थोडा मोकळा डीएनए असतो, त्यापाशी एच१ नावाचा आणखी एक हिस्टोन बसतो. साधारण दोनशे जोड्यांमागे एक मणी धरा, म्हणजे एका केंद्रकात तीन कोटी मणी झाले. दोनशे जोड्यांची ६८ नॅनोमीटरची लांबी ११ नॅनोमीटरच्या मण्यात गेली, लांबी सहापट आखूड झाली. सहापटच. पुस्तकातल्या दहा हजारपट आखूड होण्यात न्यूक्लिओसोमचा वाटा एवढाच आहे, पण भार शमवणं आणि ताठ दोरीला वाकायला लावणं हे अवघड काम त्याने केलेलं असतं.

हे मणी खरंच ठरावीक अंतरावर असतात याचा पुरावा जेलवर डोळ्यांनी दिसतो, आणि संधी मिळाली तर तो प्रयोग जरूर करा. पेशींतून केंद्रकं अखंड वेगळी काढायची. त्यात मायक्रोकॉकल न्यूक्लिएज हे डीएनए कापणारं विकर काही मिनिटं सोडायचं, थांबवायचं, डीएनए शुद्ध करायचा आणि तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर चालवायचा. विकराने कुठेही कापलं असतं तर जेलवर वरपासून खालपर्यंत नुसता फरफटलेला डाग आला असता. येते ती शिडी: २००, ४००, ६००, ८०० जोड्या, पायरीवर पायरी. विकर मण्यावर बसलेल्या डीएनएला सहजी हात लावू शकत नाही, मधल्या मोकळ्या जागी कापतं, म्हणून तुकडे एक मणी, दोन मणी, तीन मणी असे निघतात. जास्त वेळ ठेवलं तर वरच्या पायऱ्या विरतात आणि खाली १४७ च्या आसपास एक ठळक पट्टी उरते. पेशी स्वतःहून मरते तेव्हा तिचं स्वतःचं विकर हेच करतं. नीट न ठेवलेल्या नमुन्यात अशी शिडी दिसली की आम्ही ओळखतो, पेशी वाटेतच गेल्या. १९७४ मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी मण्याची रचना मांडली तेव्हा अशा शिडीचाही आधार होता. त्याच वर्षी ॲडा आणि डोनाल्ड ओलिन्स यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालचे दोरीत ओवल्यासारखे मणी प्रसिद्ध केले. अणूंच्या पातळीवरचं स्वच्छ चित्र यायला मात्र १९९७ उजाडलं, ते कॅरोलिन लूगर, टिमोथी रिचमंड आणि सहकाऱ्यांचं.

वाचायचं कसं, हा तुमचा मुख्य प्रश्न. बांधलेला मणी म्हणजे कुलूप नाही. चौदा कमजोर पकडी आठवा. वेढ्याच्या टोकांकडच्या एक-दोन पकडी सेकंदाच्या लहानशा भागापुरत्या आपोआप सुटतात आणि परत बसतात. याला मणी श्वास घेतो असं म्हणतात. तेवढ्या फटीत एखादं प्रथिन आपला क्रम ओळखून बसलं की टोक पुन्हा मिटत नाही. त्याहून जास्त उघडायचं असेल तर दोन वाटा आहेत. एक, एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून मणी दोरीवर सरकवणारी किंवा उचलून टाकणारी यंत्रणा. दुसरी, हिस्टोनांच्या शेपट्या. प्रत्येक हिस्टोनचं एक टोक चकतीबाहेर लोंबत असतं आणि त्यावर बरीच लायसीनं असतात. लायसीनवर ॲसेटिल गट चिकटवला की त्याचा धन भार जातो, शेजारच्या मण्यांशी असलेली ओढ ढिली पडते, आणि तो गट ओळखणारी इतर प्रथिनंही तिथे येऊन बसतात. गट काढून घेतला की पुन्हा घट्ट. चिकटवणारी आणि काढणारी अशी दोन्ही विकरं पेशीत सतत कामावर असतात, त्यामुळे ही स्थिती मिनिटांत बदलता येते.

मग आरएनए पॉलिमरेज, म्हणजे जनुक वाचून त्याची आरएनए प्रत काढणारा विकर, चालत येतो तेव्हा काय होतं? तो सगळं सोडत नाही. समोरचा एक मणी अर्धवट सुटतो, एच२ए आणि एच२बीची एखादी जोडी बाजूला होते, मदतनीस प्रथिनं तिला धरून ठेवतात, पॉलिमरेज पुढे जातो आणि मागे मणी पुन्हा जुळतो. तीन कोटींपैकी त्या क्षणी त्या जागी एक-दोन मणी हलले, बस्स. गाठोडं पूर्ण सोडून एक वस्तू काढायची आणि परत बांधायचं, हे चित्र मनातून काढा. चेनच्या सरकत्या टिकलीचं आणा: ती जिथे असते तिथेच दात उघडे, पुढे मिटलेले, मागे मिटलेले.

आता ३० नॅनोमीटरचा तंतू. इथे मला थोडं बंड करावं लागेल. नळीत मण्यांची माळ घेतली, एच१ घातलं, क्षार योग्य ठेवले, तर ३० नॅनोमीटर जाडीचा नीटस तंतू होतो, त्यात शंका नाही. कोंबडीच्या तांबड्या पेशींसारख्या, वाचन जवळपास थांबलेल्या काही पेशींत तो सापडतोही. पण माणसाच्या साध्या पेशींत, केंद्रक न फोडता बघितलं तेव्हा तो नियमित तंतू मिळालेला नाही. २०१७ मध्ये डीएनएला धातूचा लेप देऊन अखंड केंद्रकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने पाहिलं, तर ५ ते २४ नॅनोमीटर जाडीची वेडीवाकडी माळ दिसली, कुठे विरळ, कुठे दाट. विभागणाऱ्या पेशीतल्या घट्ट गुणसूत्रातसुद्धा तीच माळ, फक्त फार दाट. म्हणजे जाड जाड तंतू होत जाण्याची शिडी बहुधा नाहीच. एकाच माळेची दाटी कमीजास्त होते. तुमचं न पटणं मुख्यतः इथलं असणार, कारण कडक सुतळीसारखा नियमित तंतू मधूनच उघडायचा तर खरंच अवघड. वेडीवाकडी, सतत हलणारी माळ मधूनच विरळ होणं मात्र सहज पटतं.

यापुढची पायरी म्हणजे वेटोळी, आणि त्यांची जुनी कल्पनाही बदलली आहे. कोहेसिन नावाचं कड्यासारखं प्रथिन माळ दोन बाजूंनी धरून आत ओढत राहतं, आणि कड्यातून फास बाहेर पडत मोठा होत जातो. हे सेकंदाला हजाराच्या घरात जोड्या अशा वेगाने चालतं. ठरावीक क्रमावर बसलेलं सीटीसीएफ प्रथिन आडवं आलं, आणि तेही योग्य दिशेने तोंड करून, की ओढणं थांबतं. त्यामुळे गुणसूत्राचे काही लाख जोड्यांचे वाडे पडतात. एका वाड्यातले क्रम एकमेकांना वारंवार भेटतात, शेजारच्या वाड्यातल्यांना क्वचित. कोणता क्रम कोणाला किती वेळा भेटतो ते दाखवणाऱ्या हाय-सी या तंत्राने २००९ पासून हे मोजता आलं.

हे वाडे कशाला लागतात याचं एक उदाहरण देते. सॉनिक हेजहॉग नावाचं जनुक गर्भात हातापायांची बोटं किती आणि कुठे यावीत यात भाग घेतं. त्याला चालू करणारा छोटा क्रम जनुकापासून तब्बल दहा लाख जोड्या दूर आहे, तोही दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात. त्या क्रमात एक अक्षर बदललं तरी अंगठ्याच्या बाजूला जास्तीचं बोट येऊ शकतं. सरळ दोरीवर हे अंतर एक तृतीयांश मिलिमीटर होईल, केंद्रकाच्या पन्नासपटीहून जास्त. दोघे एका वाड्यात दुमडले आहेत म्हणून भेटतात. घडी घालण्याने इथे वाचणं शक्य केलंय. बांधणी वाचनाच्या आड येते असं धरून बसलो की हे दिसतच नाही.

त्याहून वरच्या पातळीबद्दल थोडक्यात. प्रत्येक गुणसूत्र केंद्रकात आपापली जागा धरून असतं, सगळी मिळून शेवयांसारखी कालवलेली नसतात. माणसाचं १८ वं आणि १९ वं गुणसूत्र जवळपास सारख्या आकाराचं. पण १९ वर जनुकांची गर्दी आहे आणि ते आतल्या बाजूला असतं, १८ वर जनुकं विरळ आणि ते कडेला. कडेला केंद्रकाच्या अस्तराशी जो दाट भाग चिकटून असतो तो हेटरोक्रोमॅटिन, हा शब्द एमिल हाइट्झ यांचा, १९२८ चा. स्त्रियांच्या पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र (इथे एक्स हे नाव आहे, आकार नव्हे) असंच दाट करून बाजूला ठेवलेलं असतं, त्याला बार बॉडी म्हणतात.

किती दाट, कुठे दाट, याचं मात्र एकच एक उत्तर नाही, पेशीवर अवलंबून आहे. मी रोज पाहते ते सांगते. रक्तातला शांत लिंफोसाइट, म्हणजे एक पांढरी रक्तपेशी, घ्या: केंद्रक लहान, रंगवल्यावर गडद, आत काही ओळखू येत नाही. त्याच पेशी कल्चरमध्ये घालून त्यांना विभागायला लावणारं पीएचए घातलं की दुसऱ्या दिवशी केंद्रक फुगलेलं, फिकट, आत केंद्रिका हा गोळीसारखा भाग ठळक. डीएनएची प्रत निघण्याआधीच हा फरक पडायला लागतो. डीएनए तेवढाच, पेशीला आता वाचायचं आहे इतकंच. शुक्रपेशी याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे बहुतेक हिस्टोन काढून प्रोटामिन ही लहान, आर्जिनीनने ठासलेली प्रथिनं बसवलेली असतात, कारण तिला काही वाचायचं नाही, फक्त वाहून न्यायचं आहे. जिवाणूंकडे तर असे मणीच नसतात. ई. कोलायचा ४६ लाख जोड्यांचा गोल डीएनए दीड मिलिमीटरहून लांब, पेशी दोन मायक्रोमीटरची. तिथे आवरण्याचं काम दोरीला जादा पीळ देऊन आणि वेगळ्या प्रथिनांनी होतं.

इथवरचं एकदा जुळवून घ्या: मणी भार आणि ताठरपणा सांभाळतो आणि जागच्या जागी उघडतो. माळ कुठे दाट, कुठे विरळ असते आणि ते बदलता येतं. फास लांबच्या क्रमांना जवळ आणतात. यांतलं काहीही केंद्रकभर एकदम सुटत नाही.

आता एक्स. विभागणीच्या वेळी गरजच वेगळी असते. डीएनएच्या दोन प्रती झालेल्या आहेत, त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि त्या दोन पेशींत तुटल्याशिवाय जायला हव्यात. ८५ किलोमीटरच्या दोऱ्या एकमेकींतून ओढून काढायच्या तर आधी त्या आखूड आणि जाड करायला हव्यात. ते काम कंडेन्सिन करतं. हा कोहेसिनचा भाऊबंद, तोही फास ओढतो, पण याचे फास एकामागोमाग एक दाटीने लागतात आणि गुणसूत्र बाटली घासायच्या ब्रशसारखं होतं: मधे दांडा, सभोवार फासांचे केस. २०१८ मध्ये एकच कंडेन्सिन डीएनएचा फास ओढताना चित्रित झालं, तोवर यावर बरीच भांडणं होती. गुंता सोडवतो टोपोआयसोमरेज २. तो एका डीएनएचे दोन्ही धागे कापतो, त्या फटीतून दुसरा डीएनए पार करतो आणि कापलेलं पुन्हा जोडतो. कॅन्सरची काही जुनी औषधं, उदाहरणार्थ एटोपोसाइड, याच विकराला कापलेल्या अवस्थेत अडकवतात. या सगळ्याअंती साडेआठ सेंटिमीटरचं पहिलं गुणसूत्र सुमारे दहा मायक्रोमीटरवर येतं. तो प्रसिद्ध दहा हजारपटीचा आकडा इथला.

आणि तो ठाशीव एक्स काही अंशी आमचाच उद्योग आहे, हे पुस्तकं सांगत नाहीत. ७२ तासांच्या कल्चरनंतर आम्ही कोलसेमिड घालतो, त्याने विभागणीचे दोरे तयार होत नाहीत आणि पेशी त्या टप्प्यावर अडकतात. मग पोटॅशियम क्लोराइडचं पातळ द्रावण, पेशी पाणी पिऊन फुगतात. मग मेथॅनॉल आणि ॲसेटिक ॲसिड, तीनास एक. मग स्लाइडवर थेंब टाकायचा की पेशी फुटून गुणसूत्रं चपटी पसरतात. कोहेसिन दोन प्रतींना एकत्रही धरून ठेवतं; पेशी अडकून पडली की बाहूंवरचं कोहेसिन निघून जातं, सेंट्रोमिअरपाशी, म्हणजे दोन प्रतींच्या सांध्यापाशी, मात्र टिकून राहतं, म्हणून बाहू फाकतात आणि मधे चिकटलेलं राहतं. झाला एक्स. न अडवलेल्या पेशीत त्या दोन प्रती बहुधा लगटून असतात, एखाद्या जाड काडीसारख्या.

कोलसेमिडने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. नवखी असताना संध्याकाळी कोलसेमिड घातलं, अर्ध्या तासाने काढायचं होतं, आणि दुसऱ्या कामात विसरून घरी गेले. सकाळी स्लाइडवर मेटाफेज (विभागणीच्या त्या टप्प्यावर अडकलेल्या पेशी) खच्चून होते, इतके की क्षणभर आनंदच झाला. जवळून पाहिलं तर गुणसूत्रं आखूड, बोथट, काड्यापेटीतल्या मोडक्या काड्यांसारखी. पेशी रात्रभर अडकून होत्या आणि कंडेन्सिन रात्रभर काम करत होतं. ४६ मोजता आली, पट्टा एकही वाचता आला नाही. नमुना पुन्हा मागवावा लागला आणि अहवालाची वाट बघणाऱ्यांना आणखी आठवडा थांबवावं लागलं. तेव्हापासून “गुणसूत्र किती लांब असतं” असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, कधी थांबवलेलं?

पट्ट्यांबद्दलही एक शब्द, कारण बांधणी तिथे डोळ्यांना दिसते. स्लाइडवर ट्रिप्सिन काही सेकंद ठेवून गिम्साने रंगवलं की गडद आणि फिके आडवे पट्टे येतात. गडद पट्ट्यांत ए आणि टी जास्त, जनुकं कमी. फिक्यांत उलट. ट्रिप्सिन प्रथिनं खातं, म्हणजे पट्टा नुसत्या डीएनएचा नाही, डीएनए आणि प्रथिनं यांच्या बांधणीचा आहे. सेकंद कमी पडले तर सगळं एकसारखं जांभळं, जास्त झाले तर गुणसूत्र सुजून फिकट भुतासारखं. आणि ५५० पट्टे दिसणाऱ्या चांगल्या स्लाइडवरही एका पट्ट्यात सरासरी पन्नास लाखांहून जास्त जोड्या असतात. मघाशी सांगितलेलं एक अक्षराचं बिघडणं इथे कधीच दिसणार नाही. गुणसूत्रांच्या अहवालातल्या “कॅरिओटाइप नॉर्मल” याचा अर्थ तेवढाच घ्यायचा.

परीक्षेचं विचारलं नाहीत, पण तुम्हाला पायऱ्या लिहायच्याच असतील, तर लिहा. ३० नॅनोमीटरचा तंतू वगळलात तर गुण जातील, असं मला वाटतं. फक्त त्यापुढे “प्रयोगशाळेत आढळतो” एवढे दोन शब्द जोडा. तपासणारा जाणता असेल तर थांबून वाचेल, नसेल तरी चूक धरू शकणार नाही.